रोग आधी दुधाच्या वहीत येतो, मग नाक्यावर

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर,
जिल्ह्यातील बाजार समित्यांचे सभापती आणि साखर कारखान्यांचे अध्यक्ष यांस,

स.न.वि.वि.

गणपती झाले. आता दसरा, मग दिवाळी, आणि दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतील. जनावरांच्या वाहतुकीचं या वर्षी जे काही ठरवायचं ते ठरवायला तुमच्या हातात महिना-दीड महिना आहे. म्हणून आत्ताच लिहिते.

मी हातकणंगले तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेची सचिव. पहाटे साडेपाचला शटर वर करायचं, सहापासून दूध मोजून घ्यायचं, नमुना मशीनला लावायचा, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) बघायचं, कॅन टेंपोत चढवायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. मशीनमधून चिठ्ठी निघते, तरी मी वही ठेवते. जुनी सवय. घरी दोन म्हशी आणि एक गाय. पुढं जे लिहिणार आहे त्यातलं थोडं वाचलेलं आहे, बरंचसं जनावरांच्या डॉक्टरांना विचारून घेतलेलं, आणि बाकीचं दूध मोजायच्या काट्यावर उभं राहून शिकलेलं.

गावात जनावरांना साथ आली तर ती पहिल्यांदा कुणाला कळते? डॉक्टरांना नाही, सरपंचांना तर नाहीच. ती संस्थेच्या वहीला कळते. रोज चार लिटर घालणारी बाई एका सकाळी अडीच घेऊन येते. काय झालं गं, म्हणून विचारलं तर, "काय न्हाई अक्का, हवा बदललीया." दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी ती येतच नाही, पोरगा येतो आणि किटली ठेवून मोबाइलमध्ये तोंड घालतो. चौथ्या दिवशी त्याच गल्लीतल्या आणखी दोन घरांचं दूध तुटतं. तेव्हा मला काय समजायचं ते समजतं. लाळ्या-खुरकुतीत तोंडात फोड येऊन लाळेच्या तारा लोंबायच्या आधी जनावराला ताप भरतो. लम्पीतही गाठी उठायच्या आधी ताप. आणि ताप आला की दूध जातं. म्हणजे रोग डोळ्यांना दिसायच्या एक-दोन दिवस आधी तो लिटरात दिसलेला असतो.

तुमच्या सगळ्या नियमांची सुरुवात मात्र रस्त्यावर होते. सीमेवरच्या नाक्यावर गाडी थांबवा, दाखला बघा, कानातला टॅग बघा. बघावं. पण नाक्यावर पोचलेलं जनावर गोठ्यातून निघून बारा तास झालेले असतात, आणि त्या गोठ्यात काय चाललंय हे बारा दिवस कुणीतरी दाबून ठेवलेलं असतं. का दाबलं, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

कायदा चांगला आहे, ते आधी कबूल करते. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९. त्यात म्हटलंय की जनावराला असा रोग झाल्याचा संशय आला तर मालकानं गावातल्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं, आणि त्यांनी जवळच्या पशुवैद्यकाला लेखी कळवायचं. आजारी जनावर वेगळं बांधायचं, सामाईक कुरणात सोडायचं नाही, सामाईक पाणवठ्यावर न्यायचं नाही. नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं की जनावरांची ने-आण थांबवता येते, बाजार, जत्रा, प्रदर्शनं बंद ठेवता येतात. सगळं आहे त्यात. आमच्या गावात हा कायदा पाच माणसांनी वाचला असेल तर पाचही जणांना माझ्याकडून चहा. कळवायचं असतं हेच ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते कळवत नाहीत.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. गावात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे लाज राखून उपयोग नाही.

सप्टेंबर २०२२. लम्पी खानदेशाकडून पसरत आलेली. सरकारनं सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं, बाजार बंद झाले. वडगावला एरवी बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, तिथं मैदान मोकळं पडलं. आमची जुनी गाय आटलेली, म्हशी गाभण, दहा दिवसांचं बिल आलं की त्यात पेंडीचेच पैसे फिटायचे नाहीत. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत, त्याच्या पगारावर घर चालतं, गोठा नाही. सासऱ्यांना, मी त्यांना मामा म्हणते, एका हेड्याचा, म्हणजे जनावरांच्या दलालाचा, फोन आला. पहिल्या वेताची एचएफ जातीची गाय, दोन वेळचं मिळून बारा-तेरा लिटर, बेचाळीस हजार. एरवी तसली गाय साठाच्या खाली नसती मिळाली. एवढी स्वस्त का, म्हणून मामांनी विचारलं. "मालकाला नड हाय" एवढंच उत्तर. ही नड कसली असेल हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

रात्री अकराला पिकअप आली, मळ्याच्या वाटेनं, पुढचे लाइट बंद करून. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, गाईच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला हळदीकुंकू लावलं. नियम मोडून आणलेली गाय मी ओवाळून घेतली, साहेब.

बाराव्या दिवशी तिच्या मानेवर गाठी उठल्या. त्याच दावणीला आठ महिन्यांची घरची कालवड होती. तिला विसाव्या दिवशी पायांना सूज आली, मग छातीखाली पाणी उतरलं, आणि ती गेली. आणलेली गाय वाचली, अजून आहे, तिच्या पाठीवर गाठींचे वण आहेत. पुढच्या महिनाभरात आमच्या गल्लीतल्या पाच घरांत लम्पी झाली. डास, गोचीड, चावणाऱ्या माश्या हा रोग पसरवतात, आणि आमच्या दोन गोठ्यांमधे फक्त एक भिंत असते. बायका माझ्याशी दोन महिने बोलल्या नाहीत. बरोबरच होतं.

त्या गाईला लस टोचलेली होती, हे मुद्दाम सांगते. हेड्यानं खोटं सांगितलं नव्हतं, कागदही दाखवला. पण लस टोचून चारच दिवस झालेले. शेळ्यांच्या देवीची लस लम्पीसाठी वापरत होते, तिनं अंगात ताकद यायला तीनेक आठवडे जातात. म्हणूनच लसीनंतर अठ्ठावीस दिवस झाल्याशिवाय जनावर हलवू नये असं सांगत होते. आम्ही कागदावर "लस दिली" एवढं वाचलं, तारीख वाचली नाही. नाक्यावरचा माणूस तरी वाचतो का? दाखल्यावर तारखेचा रकाना सगळ्यात बारीक अक्षरात असतो. तो सगळ्यात मोठा करा, आणि त्याच्याशेजारी "या तारखेआधी हलवू नये" असा दुसरा रकाना करा. हिशेब रस्त्यावरच्या पोलिसानं करायला नको, तो टोचणाऱ्यानंच करून द्यावा.

कालवड गेल्यावर भरपाईचं बघू म्हटलं. सरकारनं गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार जाहीर केलेले. एका कार्यालयात गेलो, नाव घेत नाही. तिथं पहिला प्रश्न आला, रोग गोठ्यात आला कुठून? नवी गाय कधी आणली? तिचा टॅग दुसऱ्याच्या नावावर कसा? मामा आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि "उद्या कागद घेऊन येतो" म्हणून उठलो. परत गेलो नाही. त्या साहेबांना दोष देत नाही, चोरी आमची होती. पण बघा काय झालं ते. ज्या घरातून पाच घरं बाधली, त्या घराची सरकारदप्तरी नोंदच नाही. ज्यानं ती गाय विकली त्याच्या गावात अजून किती होती, कुणी विचारलं नाही. हेडा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गोठ्यात, तीच काठी आणि तीच चप्पल घेऊन.

बाजार बंद ठेवू नका असं मी म्हणत नाही. बंद ठेवायलाच पाहिजेत, आणि पहिल्या दिवशी, गवगवा होऊन आठवडा उलटल्यावर नव्हे. परदेशातलं एक उदाहरण डॉक्टरांनी सांगितलं होतं. २००१ साली इंग्लंडमधे खुरकूत आली. रोग उघड झाला २० फेब्रुवारीला, ने-आणीवर बंदी आली २३ तारखेला. पण त्याआधीच बाजारांतून मेंढरं देशभर गेलेली होती. साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्यानंतर त्यांनी नियम केला, की गोठ्यात नवीन गाय किंवा मेंढरू आलं की सहा दिवस त्या गोठ्यातली गाई-मेंढरं दुसऱ्या गोठ्यात किंवा बाजारात जाणार नाहीत. साथ असो नसो. मला हा नियम आवडला, कारण तो रोगाची वाट बघत बसत नाही.

पण बाजार बंद झाला म्हणून शेतकऱ्याची गरज बंद होत नाही. गाय आटते, वैरण संपते, पोरीचं लग्न निघतं. मग व्यवहार रात्री होतो, मळ्यात होतो, आणि दिवसा वडगावच्या मैदानात डॉक्टरांच्या नजरेखाली जे जनावर निदान दिसलं असतं ते दिसतच नाही. बंदीच्या काळात एक सरळ वाट ठेवा. घ्यायचं जनावर विकणाऱ्याच्याच गोठ्यात डॉक्टरांनी बघावं, त्या गोठ्यातली बाकीचीही बघावीत, आणि दोन दिवसांत हो किंवा नाही सांगावं. नाही म्हणाले तर आम्ही गप बसू. पंधरा दिवस उत्तरच नाही म्हटल्यावर लोक हेड्याला फोन लावतात. आम्ही लावला.

टॅगचं थोडक्यात. १ जून २०२४ पासून कानात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. बारा आकडी नंबर, पिवळा बिल्ला. नियम योग्य आहे. पण बिल्ला कानात आणि नाव जुन्या मालकाचं, ही आमच्यासारखी गत किती जणांची असेल ते कुठल्याही गल्लीत दहा जनावरं तपासून बघा. बाजारात समितीचं सेस घ्यायचं टेबल असतं, पावती फाडल्याशिवाय दोर सुटत नाही. त्याच टेबलाशेजारी दुसरं टेबल मांडा, पावतीबरोबर टॅग नव्या मालकाच्या नावावर चढवूनच जनावर बाहेर सोडा. समितीचे संचालक म्हणतील माणूस नाही. पावती फाडायला आहे की.

आता ऊसतोडीकडे येते, कारण या जिल्ह्यात जनावरांची सगळ्यात मोठी ने-आण बाजारात होत नाही, ती उसाच्या फडात होते. बीडकडून, जालन्याकडून, विजापूरकडून टोळ्या येतात. ट्रकात संसार, पोरं, कोंबड्या, बैल. कारखान्याच्या अड्ड्यावर कोप्या पडतात आणि चार जिल्ह्यांचे बैल एका हौदावर पाणी पितात. मग ते फडात येतात. ऊस तुटतो, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, उरतं. थोडं त्यांच्या बैलांपुढं, बाकीच्या पेंढ्या बांधून गावात विकतात, आणि आम्ही सगळे घेतो, कारण हिवाळ्यात एवढी स्वस्त ओली वैरण दुसरी नाही. बैलानं तोंड घालून टाकलेलं वाढं संध्याकाळी आमच्या म्हशीपुढं असतं. खुरकुतीचा विषाणू लाळेत असतो, आणि फोड दिसायच्या आधीपासूनच बाहेर पडत असतो. आणखी काय लागतं?

मोठं जनावर खुरकुतीनं सहसा मरत नाही, म्हणून लोक हसण्यावारी नेतात. वासरं मरतात. रोग त्यांच्या काळजाच्या स्नायूत बसतो, सकाळी उड्या मारणारं रेडकू संध्याकाळी आडवं असतं. म्हैस जगते, पण त्या वेतातलं दूध गेलं ते गेलं. आणि बैलाचं खूर सोलून निघालं की तो चिखलात पाय टेकत नाही. तोडकऱ्याच्या डोक्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल असते. बैल बसला की गाडी बसली, गाडी बसली की उचल फिटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात. त्यामुळे मुकादम रोग लपवतो आणि तोडकरी लपवतो. आमच्या गल्लीतली बाई आणि बीडचा तोडकरी एकमेकांना ओळखत नाहीत, पण गप बसायचं कारण दोघांचं एकच आहे.

कारखान्यांच्या अध्यक्षांना विनंती आहे. तुमचा मुकादमाशी करार पावसाळ्याच्या तोंडाला होतो, उचल तेव्हाच जाते. त्याच करारावर बैलांचे टॅग नंबर आणि खुरकुतीच्या लशीची तारीख लिहून घ्या. २०१९ पासून केंद्राचा कार्यक्रम आहे, दर सहा महिन्यांनी लाळ्या-खुरकुतीची लस फुकट मिळते, बीडलाही मिळते. माणसांची आणि गाड्यांची यादी तुमच्याकडे असते, बैलांचीच नसते. या वर्षी करार होऊन गेलेत, तर निदान अड्ड्यावर उतरतानाच लस झालेले आणि न झालेले बैल वेगळ्या बाजूला बांधा, आणि हौद दोन करा. हौद दोन करायला कितीसा खर्च? आणि लंगड्या बैलाची खबर देणाऱ्या गाडीवानाचा तोडीचा हिशेब तेवढे दिवस थांबवा, व्याज लावू नका. एवढं केलंत तर तो स्वतः येऊन सांगेल. गटातल्या शेती अधिकाऱ्याला विचारा, मी चुकीचं बोलतेय का.

लशीबद्दल आमचीही चूक आहे. सहा महिन्यांनी लस घेऊन पोरं येतात तेव्हा अर्ध्या घरांतून "आज मालक न्हाईत" ऐकू येतं. लस टोचली की एक-दोन दिवस दूध लिटरभर कमी येतं, हे खरं आहे. ते भरून येतं, हेही खरं आहे, आणि वहीत दोन्ही दिसतं. कुणाला बघायचं असेल तर मी आकडे काढून देते.

मुऱ्हा म्हशींचंही बोलायला हवं, इथं कुणी बोलत नाही कारण सगळ्यांना त्या हव्यात. हरियाणातून तीन-चार दिवसांचा प्रवास, लाखाच्या वरची म्हैस, पोचते ती दमून हाडं वर आलेली. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम सांगतात की सोबत पशुवैद्यकाचा दाखला हवा आणि एका मालट्रकात सहाच्या वर मोठी जनावरं नकोत. हायवेवर एक रात्र उभं राहून मोजा. दमलेल्या जनावरात घटसर्प, म्हणजे गळा सुजवणारा जीवघेणा ताप, उठतो, हे जुने गवळी सांगतात आणि डॉक्टरही सांगतात. तरी ती म्हैस उतरली की त्याच संध्याकाळी दावणीच्या मधोमध, शेजारणी बघायला येतात, पोरं पाठीवर हात फिरवतात. निदान अनुदानावर आणलेल्या म्हशी तरी तीन आठवडे एका जागी वेगळ्या ठेवून मगच घरी द्या.

"वेगळं बांधा" म्हणणं सोपं आहे म्हणा. आमचा गोठा म्हणजे घराचीच मागची पडवी. वेगळी जागा आणायची कुठून? मी आता काय करते ते सांगते. नवीन जनावर परड्यात, पत्र्याखाली. त्याची बादली, घमेलं, दोर वेगळा. आधी घरच्या जनावरांची धार, नवीनाची सगळ्यात शेवटी, मग हात-पाय धुऊन आत. दारात सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं पोतं, लिटरला ४० ग्रॅम धुण्याचा सोडा, खुरकुतीच्या विषाणूला तेवढा पुरतो. लम्पीला तो पुरेल म्हणून निर्धास्त राहू नये. त्या गाठींच्या वाळलेल्या खपल्यांत विषाणू महिनाभर जगतो, खपल्या झाडून जाळाव्या लागतात. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही, कालवड गेल्यावर कळलं. एक साधा कागद छापा, मोठ्या अक्षरात, संस्थेच्या काट्यावर चिकटवते. शंभर भाषणांपेक्षा काट्यासमोरचा कागद जास्त वाचला जातो, रांगेत उभं राहून दुसरं करणार काय?

शहरातल्या वाचकांसाठी एक आगाऊपणा. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हैस पिळून फेसाळ ग्लास हातात देतात, ती आपली शान आहे, मीही लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून प्यायलेय. लम्पी माणसाला होत नाही, २०२२ मधे लोकांनी उगाच दूध टाकलं. पण जनावरं ज्यानं गाभडतात तो ब्रुसेलोसिस कच्च्या दुधातून माणसाला होतो, आणि त्याची लस कालवडी-पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच द्यायची असते. कट्ट्यावर ग्लास घेताना एवढं विचारा, की या म्हशीची तपासणी झालीय का. गिऱ्हाइकानं विचारलं की गवळी करून घेतो.

मेंढरांचं मी फार बोलत नाही, तो माझा गोठा नाही. एवढंच, की पट्टणकोडोलीच्या यात्रेला कुठकुठले धनगर येतात आणि तिथून त्यांचे कळप पुन्हा चारी दिशांना जातात. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची, लस टोचायला यापेक्षा चांगला मुक्काम सापडायचा नाही. लोकच तुमच्याकडं येतायत, डोंगर चढायला नको.

आणि महापूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळी जनावरं कासरे तोडून, टेंपोत कोंबून, मिळेल तिथं नेली. त्या वेळी दाखला विचारणाऱ्याला लोकांनी पुरात ढकललं असतं, आणि विचारूही नये. पण छावणीत पाच गावांची जनावरं मिसळली आणि परत जाताना रोग वाटून घेऊन गेली. घटसर्प आणि फऱ्या (मांडी-खांदा सुजवणारा रोग) यांची लस मे महिन्यात पूरपट्ट्यात आधी, मग बाकी जिल्ह्यात. छावणीत गावागावाच्या दावणी वेगळ्या. नुसत्या चुन्याच्या रेघा ओढल्या तरी पुरे.

एक नाजूक गोष्ट. कागद नीट असलेली गाडीसुद्धा रस्त्यात कुणीही उठून अडवतं. मागच्या वर्षी गावातल्या एकाची दुभती गाय तीन तास रस्त्यावर उन्हात उभी राहिली, कास फुटायची वेळ आली. जनावराची गाडी तपासायचा अधिकार कुणाकुणाला आहे हे जिल्हाधिकाऱ्यांनी एकदा छापून जाहीर करावं. नाहीतर लोक कागद असूनही रात्रीचीच वाट धरतात, आणि रात्री निघालेल्या गाडीत आजारी जनावर आहे की निरोगी, हे कुणालाच कळत नाही.

आता वहीचं. प्रत्येक संस्थेत सचिव आहे, प्रत्येक सचिवाकडं रोजचे आकडे आहेत. सलग दोन वेळा तिसऱ्या हिश्श्यानं दूध तुटलेलं घर दिसलं, की त्याच दिवशी सचिवानं डॉक्टरांना फोन करावा. १९६२ हा जनावरांच्या दवाखान्याचा फोन नंबर आहे, गावचा दवाखाना आहे. डॉक्टरांनी गाजावाजा न करता यावं, नेहमीच्या भेटीसारखं. रोग निघाला तर गल्ली बंद, गाव नव्हे, आणि आजूबाजूला लगेच लस. सचिवाला हे काम लावून द्या, मी तयार आहे, माझ्या ओळखीच्या दहाजणी तयार आहेत. पण कळवणाऱ्या घराचं काय? त्याचं दूध संस्थेत घ्यायचं नाही म्हटलं तर त्याचं दहा दिवसांचं बिल शून्य. तो कशाला बोलेल? मागच्या महिन्याच्या सरासरीच्या निम्मे पैसे तरी त्याला मिळायला हवेत. कुठून आणायचे, असं विचाराल. दिवाळीला मिळणाऱ्या दूधदराच्या फरकातून प्रत्येकाचे लिटरमागं थोडे पैसे कापा, आणि त्याचा निधी करा. फरक कापायचं नाव काढल्यावर सभेत माझ्यावर खुर्च्या येतील, माहीत आहे. तरी पहिली सही मी करते. आणि ज्यानं स्वतः कळवलं त्याला गाय कुठून आणली म्हणून गुन्हेगारासारखं विचारू नका. कुठून आली हे विचारायलाच हवं, पण ते मागचा गोठा शोधण्यासाठी, भरपाई अडवण्यासाठी नव्हे.

बुळकांडी नावाचा रोग मामांनी बघितलेला आहे. दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या, ओढून न्यायला बैल उरायचे नाहीत, असं सांगतात. २००६ मधे देश त्यातून मुक्त झाला, २०११ मधे जग. तिथं लस होतीच, पण शेवटी शेवटी लस थांबवून गावोगाव विचारत फिरावं लागलं, कुठं अजून आहे का, कुठं कुणी लपवलंय का. त्या विचारणाऱ्यांना लोकांनी खरं सांगितलं.

तुमच्यापैकी कुणीतरी एक जण एखाद्या सकाळी सहाला आमच्या संस्थेत या. सरकारी गाडी वेशीवरच ठेवा, नाहीतर बायका किटल्या घेऊन मागच्या मागे जातील. चहा देते, वही दाखवते. २०२२ च्या ऑक्टोबरची पानं आहेत अजून. पहिल्याच आठवड्यात एका खात्याचं सकाळचं दूध साडेसहावरून चारवर आलेलं दिसेल, गाठी उठायच्या दोन दिवस आधी. खातं आमच्याच घरचं आहे, अक्षर माझंच आहे. आणि शेऱ्याचा रकाना कोरा आहे.

आपली,
सचिव, एका गावची दूध संस्था
ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर